चहा धरून

रात्री साडेबाराला निळूचा फोन येतो.
तिकडं दुपारचे दोन. "मामा, चालू व्हायलंय."
जिंतूर रोडवर कुत्रीसुद्धा निजलेली.
मी शटर अर्धं खाली ओढतो,
फोन कंप्रेसरला टेकवून ठेवतो.

ऑस्टिनच्या भायेर एक माळ हाय म्हणे,
आपल्या इटोलीकडं हाय तसाच, खडक आणि कुसळ.
तिथं तीन दिवसांत चार लाख माणसं.
आख्खी परभणी उठून बसली,
वर सेलू बी कडेला उभं.

निळू नवा गेला तेव्हा
ह्या खेळाचं नाव काढलं की
"तो युरोपातला का?" म्हणून
लोक परत सँडविच चावायला लागायचे.
त्यांच्या गाड्या गोल पळायच्या.
डावीकडं, परत डावीकडं, दोनशे फेरे डावीकडंच,
खळ्यावर पातीला धरलेल्या बैलासारख्या;
मधी तिवडा तेवढा नव्हता.
युनूस म्हणला, "दोनशे फेऱ्यांत ज्वारी किती निघायची?"

मग कुणीतरी टीव्हीवर मालिका काढली.
कोण कुणाशी बोलेना, कुणाचा करार मोडला,
कोणत्या मालकानं कुणाला जेवू घालून हाकललं.
बायाबापे भांडणं बघाया बसले
आणि भांडणाच्या मागं मागं इंजिनपर्यंत आले.
मला ह्यात नवल नाही.
शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं गिऱ्हाईक
त्याच्या भावकीच्या भांडणानंच वाढलंय:
बघायला आले, गेट सांगून गेले.

तिकिटाचा आकडा निळू सांगत नाही.
"मामा, तुमचा कंप्रेसर येईल," एवढंच.
"नवा का जुना?"
गर्दीत त्याला ऐकू जात नाही.

त्याची पोरगी रेवा, नऊ वर्षांची,
कानावर डब्याएवढाले हेडफोन,
पडद्यात नाक घालून विचारती,
"मामाआजोबा, इथं चार टायर दोन सेकंदांत बदलतात.
तुमच्या पिटला किती वेळ लागतो?"
मी म्हणलं, "चहा धरून का चहा सोडून?"

वीस माणसं एका गाडीभोवती,
नवरदेव खांद्यावर घ्यायला धावावी तशी.
आणि चाकाला नट एकच.
एकच? युनूसनं दोनदा विचारलं.
आमच्याकडं दहा,
त्यातला एक कायम रुसलेला जावई.

तेवढ्यात ट्रक येतो.
सोयाबीन भरलेला, लातूरला निघालेला,
मागचं आतलं चाक बसलेलं.
मुंजाजी ड्रायव्हर थर्मास घेऊनच उतरतो.
"काका, सहाच्या आत आडतीवर लावायचीय."
मी फोन उचलून स्टुलावर, पाण्याच्या जगाला टेकवतो.
"रेवा, मोज."

युनूस जॅकखाली फळी सारतो.
रेवा इंग्रजीत मोजती, साठाला बोट मुडपती,
परत एकपासून.
तिच्या मागून गाड्या जातात,
दिसत नाहीत, नुसतं चिरगूट फाटल्यासारखं.
एकदा सगळं स्टँड उठून उभं राहतं,
निळू ओरडतो, कोण तरी कुणाला धडकलं.
रेवा मान वळवत नाही.

सातवा नट हालत नाही.
युनूस पान्याला पाईप लावतो
आणि अठ्ठावन्न वर्षांच्या वजनानं लटकतो.
मी लटकतो. मुंजाजी लटकतो, लुंगी सावरत.
कर्रकन सुटतो.
तो आवाज टेक्सासला पोचला असणार,
रेवानं टुणकन उडी मारली.

अठरा मिनिटं.
चहा धरून.

जॅक उतरला, मुंजाजी वर चढला.
तिकडं पुढं कोण हाय, विचारायचं राहूनच गेलं.
रेवा ओरडती, "तुमचा ट्रक कितवा आला?"
मुंजाजी चावी फिरवता फिरवता
खिडकीतून फोनकडं वाकतो:
"लातूर अजून लांब हाय, बाळा."